भूमीला धनी असेल तर

पश्चिम तिबेटात सुमारे १६ हजार फुटांवर ठोक जालुंग नावाची सोन्याची खाण होती. १८६७ मध्ये कुमाऊंचे पंडित नैनसिंह रावत ब्रिटिश सर्वेक्षण खात्यासाठी वेष पालटून तिथं गेले आणि पाहिलेलं सारं बारकाईनं नोंदवून आले. मैलभर लांब, २५ फूट खोल चर. बोचऱ्या वाऱ्यापासून वाचण्यासाठी सात-आठ फुटी खड्ड्यांत उभारलेले तंबू. उतरत्या पाटाच्या तळाशी दगडांनी दाबलेलं फडकं. त्यावर माती टाकून पाणी सोडलं की माती वाहून जाई आणि जड सोनं फडक्याच्या खळग्यांत बसे. हिवाळ्यात तर तंबू जवळपास दुप्पट होत, कारण गोठलेली माती अंगावर ढासळत नाही. अशा जागी कोणी हौसेनं राहत नाही. आणि तरीही याच तिबेटातली एक समजूत एकोणिसाव्या शतकातल्या वृत्तांतांत येते: सोन्याचा मोठा गोळा हाती लागला तर तो परत पुरायचा, कारण तो जिवंत असतो आणि बारीक कण ही त्याची पोरं. खणायचंही आणि पुरायचंही. ही श्रद्धा की ढोंग?

ढोंग म्हणणाऱ्यांची बाजू लेचीपेची नाही. नैनसिंहांनी त्याच खाणीवर सुमारे दोन पौंडांचा गोळा पाहिला होता. म्हणजे सगळेच काही पुरत नव्हते. खाणींवर देखरेख ल्हासाच्या सरकारची आणि करही त्याचाच. पोताला राजवाड्यातल्या पाचव्या दलाई लामांच्या स्तूपाला सुमारे ३,७०० किलो सोनं लागल्याचं सांगतात, ते काही आभाळातून पडलं नव्हतं. बौद्ध विनय भिक्षूला जमीन खणायला आणि सोनं स्वीकारायला मनाई करतो, पण गृहस्थाला नाही. खाणीची धास्ती आली ती बौद्ध धर्मातून नव्हे, त्याहून जुन्या श्रद्धेतून, जमिनीच्या आणि पाण्याच्या देवतांकडून. आपल्याकडे गुप्तधनावर नाग बसतो, तो याच कुळातला.

तरीही मला ही श्रद्धा पोकळ वाटत नाही. तिचा रोख सोन्यावर नव्हता, कोणालाही न विचारता घेण्यावर होता. भूमीला धनी आहे असं एकदा मानलं की खणणारा मालक उरत नाही, मागणारा होतो. आणि मागणाऱ्याला कुठंतरी हात आखडावा लागतो. सोनं वीत नाही, हे कोणताही भूगर्भशास्त्रज्ञ सांगेल. पण सापडलेलं सगळं उचलायचं नाही, हा आचार त्यामुळे खोटा ठरत नाही. नियमामागचं कारण चुकीचं असूनही नियम शहाणपणाचा असू शकतो. धर्मांच्या इतिहासात असे नियम पैशाला पासरी सापडतील. पश्चिम तिबेटातल्या गूगे राज्याच्या राजाची, येशे-ओची, परंपरागत कथाही इथं आठवते. तो शत्रूच्या कैदेत पडला, सुटकेसाठी त्याच्या वजनाइतकं सोनं मागितलं गेलं, आणि डोक्याच्या वजनापुरतंच कमी पडलं. तेव्हा, हे माझ्यावर घालवू नका, त्यातून भारतातले बौद्ध आचार्य अतिश यांना आणा, असं त्यानंच सांगितलं. कथेत भर पडलेली असेल, पण १०४२ मध्ये अतिश तिबेटात आले हा इतिहास आहे. सोनं किती, यापेक्षा ते कशासाठी, हा प्रश्न त्या समाजाला मोठा वाटत होता एवढं तर कथेतून कळतंच.

खरा अडचणीचा आक्षेप वेगळाच आहे. तेराव्या दलाई लामांनी १९१३ मध्ये चार मुलांना इंग्लंडला शिकायला धाडलं. त्यांतला मोंडोंग खाणकाम शिकून परतला. पण तो जिथं खणायला जाई तिथले मठ भूदेवता कोपतील म्हणून तक्रार करत, आणि शेवटी त्याला ते काम सोडावं लागलं. सोन्याच्या छपराखाली बसणाऱ्यांनी खणणाऱ्याला अडवावं, हा अन्यायच. ज्या नियमाचा काच खणणाऱ्याला आहे आणि मढवणाऱ्याला नाही, तो अर्धाच नियम. पण त्यावर उपाय तो मढवणाऱ्यालाही लावणं हा आहे, मोडीत काढणं नव्हे. मोडीत काढल्यावर काय उरतं ते ग्यामाला दिसलं. सम्राट स्रोङ्-चन-गम्पोचं जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या या खोऱ्यात आता तांब्या-सोन्याची प्रचंड खाण आहे. २९ मार्च २०१३ रोजी तिथं दरड कोसळून ८३ कामगार गाडले गेले. हा कोणत्याही देवतेचा कोप नव्हता. चिनी अधिकाऱ्यांनी ही नैसर्गिक आपत्ती ठरवली, म्हणजे उत्तर द्यायला कोणीच बांधील नाही.