कारण मेंदूचे, नोंद हृदयाची

२०११ ते २०१३ या काळात गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांमध्ये होणाऱ्या प्रत्येक मृत्यूचा माग 'सर्च' या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी ठेवला. मृताच्या घरी जायचे, शेवटच्या आजारात काय काय झाले ते कुटुंबीयांकडून तपशीलवार ऐकून घ्यायचे आणि त्यावरून डॉक्टरांनी मृत्यूचे कारण ठरवायचे, अशी ती पद्धत होती. सुमारे ९४ हजार लोकवस्तीत त्या काळात १,५९९ माणसे दगावली. त्यांतले २२९ मृत्यू पक्षाघाताचे निघाले, म्हणजे दर सातांमागे एक. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातले विधान धक्का देणारे होते. जंगलपट्ट्यातल्या, गरीब, ग्रामीण गडचिरोलीत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात हे होते. मलेरिया नव्हे, क्षयही नव्हे. आणि लकव्याने गेलेल्या या माणसांपैकी दहांतली जवळजवळ नऊ घरीच गेली होती.

संस्थेचे लोक त्या घरांपर्यंत गेले नसते, तर हे मृत्यू देशाच्या आकडेवारीत कुठे दिसले असते? फारसे कुठेच नाही. भारतात २०२० साली जेवढ्या मृत्यूंची नोंद झाली, त्यांतल्या फक्त २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केले होते. उरलेल्यांच्या बाबतीत माणूस गेला एवढेच सरकारी दप्तराला कळते. गोव्यात जवळजवळ प्रत्येक नोंदलेल्या मृत्यूला वैद्यकीय कारण जोडलेले असते. बिहारमध्ये ते अगदी थोड्यांच्या वाट्याला येते. त्यामुळे मज्जासंस्थेच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंचा 'राष्ट्रीय कल' म्हणून जो आलेख आपण वाचतो, तो बराचसा इस्पितळात मरण पावलेल्यांचा, म्हणजे शहराचा आणि ज्यांना इस्पितळ गाठता आले त्यांचा असतो. मेंदूच्या आजारांबाबत ही उणीव अधिक जाचते. हे आजार बहुधा लांबतात. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शेवटी घरी आणले जाते आणि तो घरीच जातो.

ज्यांना प्रमाणपत्र मिळते त्यांची गतही फार बरी नाही. इस्पितळातल्या मृत्यूसाठी 'फॉर्म ४' आणि घरच्या मृत्यूसाठी '४ अ' असतो. त्यात सर्वांत वर मृत्यूला थेट कारण ठरलेली स्थिती लिहायची, तिच्याखाली ती कशामुळे उद्भवली ते, आणि सर्वांत खाली मूळ आजार. देशाच्या आकडेवारीत मोजला जातो तो हा तळाचा, मूळ आजार. पण घाईत असलेला डॉक्टर पहिल्याच ओळीत 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहून सही करतो. हृदय आणि श्वास थांबणे म्हणजेच मरणे. ते मरणाचे कारण कसे असेल? फॉर्म भरण्याच्या सूचनांतही असे लिहू नये हे स्पष्ट केलेले आहे. तरी ते लिहिले जाते. पार्किन्सनच्या रुग्णाला गिळता येईनासे होते, अन्नाचा कण श्वासनलिकेत जातो, न्यूमोनिया होतो आणि तो जातो. प्रमाणपत्रावर न्यूमोनिया तेवढा उरतो. फेफऱ्याचा रुग्ण विहिरीवर पाणी काढताना आकडी येऊन आत पडतो. कागदावर 'बुडून मृत्यू' एवढेच येते आणि आकडीचा उल्लेखही राहत नाही. दोन्ही ठिकाणी माणूस मेंदूच्या आजाराने गेला आणि दोन्ही ठिकाणी तो आजार नोंदीतून निसटला.

कारण नीट लिहिले तरी ते कोणत्या खान्यात पडेल, हा पुढचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची दहावी आवृत्ती इतकी वर्षे वापरात आहे. तिच्यात मज्जासंस्थेच्या विकारांचे स्वतंत्र प्रकरण आहे, पण पक्षाघात त्यात नाही. तो रक्ताभिसरणाच्या विकारांत, हृदयरोगाशेजारी बसवलेला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या आवृत्त्यांत तो मज्जासंस्थेच्या प्रकरणात होता. १९६०च्या दशकात तयार झालेल्या आठव्या आवृत्तीत त्याची रवानगी रक्ताभिसरणाकडे झाली. अकरावी आवृत्ती घडत असताना मेंदूविकारतज्ज्ञांनी आग्रह धरला, निर्णय एकदा उलटा फिरला, पुन्हा सुलटा झाला, आणि अखेर २०१९मध्ये स्वीकारलेल्या व २०२२पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत पक्षाघात मज्जासंस्थेकडे परतला. हे योग्यच झाले असे माझे ठाम मत आहे. बिघाड रक्तवाहिनीत होतो हे खरे, पण मरतो तो मेंदू. वाचा, हालचाल, स्मृती जाते ती मेंदूची. उपचारही मेंदू वाचवण्यासाठीच असतो. मात्र देशोदेशी नवी आवृत्ती प्रत्यक्ष वापरात येईल, तेव्हा मज्जासंस्थेच्या मृत्यूंचा आलेख एकाएकी उंच उडी घेईल आणि हृदयविकारांचा खाली येईल. त्या वर्षी एकही माणूस वेगळ्या कारणाने मेलेला नसेल.

इतर आजारांची विभागणीही अशीच चक्रावणारी आहे. पुण्यात २०२५च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गिया-बारे सिंड्रोमचे दोनशेहून अधिक रुग्ण आढळले. त्यातल्या मृत्यूंची जागा मज्जासंस्थेच्या प्रकरणात. पण मुलांच्या मेंदूला सूज आणून काही तासांत जीव घेणारा चांदीपुरा विषाणूचा आजार, जपानी मेंदूज्वर, रेबीज, धनुर्वात, क्षयामुळे होणारा मेंदूज्वर हे सारे संसर्गजन्य रोगांच्या प्रकरणात जातात. मेंदूतली गाठ कर्करोगात, डोक्याला मार लागून झालेला मृत्यू अपघातात. स्मृतिभ्रंशाचे तर दोन तुकडे होतात. डॉक्टरने 'अल्झायमर' लिहिले तर मज्जासंस्था, नुसते 'डिमेन्शिया' लिहिले तर मानसिक विकार.

नुसता नियम बदलला की किती फरक पडतो, हे अमेरिकेच्या आकड्यांवरून कळते. १९९९मध्ये तिथे दहावी आवृत्ती लागू झाली. त्याआधी १९९६च्या मृत्यूंची प्रमाणपत्रे जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नियमांनी तपासून पाहिली, तेव्हा तीच प्रमाणपत्रे, तीच माणसे असूनही नव्या नियमांनी अल्झायमरचे मृत्यू सुमारे ५५ टक्क्यांनी अधिक भरले. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ साली स्मृतिभ्रंश व अल्झायमर हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. एकूण मृत्यूंत त्यांचा वाटा ११.६ टक्के होता. वर्तमानपत्रांनी साथ आल्यासारख्या बातम्या दिल्या. त्यामागे लोकांचे वाढलेले आयुष्य होते, हृदयविकाराचे घटलेले मृत्यू होते, निदानाकडे वाढलेले लक्ष होते आणि संकेतांक देणाऱ्या संगणकप्रणालीत झालेला बदलही होता. यातली कोणतीही गोष्ट खोटी नाही. पण सगळ्यांची बेरीज एकाच रेषेत दाखवली की वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

वयाचा हिशेब तर कधीच विसरता येत नाही. मुंबईच्या पारशी वसाहतींत डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात केलेल्या पाहणीत लाखामागे ३२८ जणांना पार्किन्सन आढळला. आकडा जगभर गाजला. पारशी समाज वृद्धांचा समाज आहे, ही बाब ध्यानात घेऊन हिशेब केल्यावर तो १९२वर आला. उद्याच्या महाराष्ट्राकडेही याच नजरेने पाहायला हवे. मुले कमी आणि म्हातारी माणसे जास्त, अशी आपली लोकसंख्या होत चालली आहे. साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. हे लोक कशाने जातील आणि त्यांच्या प्रमाणपत्रावर काय लिहिले जाईल?

मग खरा कल कोणता? अडचणी मान्य करूनही काही गोष्टी ठामपणे म्हणता येतात. २०२१मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या भारतीय अंदाजांनुसार, अकाली मृत्यू आणि अपंगत्व मिळून देशावर आजारांचा जो एकूण भार पडतो, त्यात मेंदूज्वर, धनुर्वात यांसारख्या संसर्गजन्य मेंदूविकारांचा वाटा १९९०मधल्या ४.१ टक्क्यांवरून २०१९मध्ये १.१ टक्क्यांवर आला. ही लसींची आणि सुरक्षित बाळंतपणांची कमाई आहे. ती थोडी नव्हे. त्याच काळात असंसर्गजन्य मेंदूविकारांचा वाटा ४ टक्क्यांवरून ८.२ टक्क्यांवर गेला, आणि त्यांत सर्वांत पुढे पक्षाघात. २०१९ साली त्याने देशात सुमारे ६ लाख ९९ हजार माणसे नेली, एकूण मृत्यूंच्या ७.४ टक्के. लोकसंख्या वाढली आणि वय वाढले, हे त्यामागचे एक कारण. पण उच्च रक्तदाब हे दुसरे आणि मोठे कारण आहे, आणि ते आपल्या हातातले आहे.

इथेच नोंदीचा आणि जीवाचा संबंध येतो. पक्षाघाताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. घरीच मरण पावणाऱ्या माणसांना ते मिळणारच नव्हते. त्यांचे मृत्यू पक्षाघाताचे म्हणून मोजलेच गेले नाहीत, तर जिल्हा रुग्णालयात सीटी स्कॅन, तालुक्याला प्रशिक्षित डॉक्टर आणि उपकेंद्रात रक्तदाबाच्या स्वस्त गोळ्यांचा अखंड पुरवठा हवा, हे कोणत्या आकड्याच्या जोरावर मागायचे? गडचिरोलीने उत्तर दिले आहे. जिथे डॉक्टर पोचत नाही तिथे प्रशिक्षित कार्यकर्त्याने घरी जाऊन मृत्यूची हकीकत विचारावी. भारताच्या महानिबंधकांनी टोरांटोच्या डॉ. प्रभात झा यांच्या गटासह केलेल्या दशलक्ष मृत्यूंच्या अभ्यासात हीच पद्धत देशभर नमुन्यादाखल वापरली गेली. ती प्रत्येक जिल्ह्यात कायमची रुजवणे अवघड असले तरी अशक्य नाही. वैद्यकीय महाविद्यालयांनी मृत्यूचे प्रमाणपत्र लिहिण्याचा सराव अंतिम परीक्षेइतका गंभीरपणे घ्यायला हवा. आज ते काम बहुधा रात्रपाळीतल्या सर्वांत कनिष्ठ डॉक्टरवर सोपवलेले असते.

आपल्यालाही एक काम आहे. अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने शुल्क न घेता कारणाचे प्रमाणपत्र द्यावे, असे १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा सांगतो. १ ऑक्टोबर २०२३पासून लागू झालेल्या दुरुस्तीने प्रत्येक रुग्णालयावर, सरकारी असो वा खासगी, त्याची प्रत जवळच्या नातलगाला देण्याचे बंधन घातले आहे. घरातले कोणी गेल्यावर, दुःखाचे पहिले दिवस ओसरल्यावर, तो कागद एकदा वाचा. आई दहा वर्षे पार्किन्सनशी झुंजली आणि कागदावर फक्त न्यूमोनिया असेल, वडील लकव्याने गेले आणि कागदावर हृदय थांबल्याचे असेल, तर डॉक्टरांना भेटा आणि मूळ आजार लिहिला का नाही, हे विचारा.