हमीपत्र

सी. बी. मुथम्मा १९४९ साली भारतीय परराष्ट्र सेवेत आल्या. विवाह केल्यास राजीनामा देऊ, असे हमीपत्र त्यांच्याकडून उंबरठ्यावरच घेण्यात आले. पुढे संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत लिंगभेदाला मज्जाव केला. तरीही १९६१ च्या सेवानियमांनी स्त्री-अधिकाऱ्याला विवाहासाठी लेखी परवानगी घ्यायला लावली, आणि संसार कामाच्या आड येईल असे शासनाला वाटल्यास तिच्याकडून राजीनामा मागण्याची मुभा ठेवली.

समर्थन वरकरणी व्यवहारी होते. काही वर्षांनी देश बदलायचा. संसारी स्त्रीला ते कसे झेपावे? पुरुषाला हे कुणी विचारले नाही, कारण त्याचा संसार सेवेच्या उपयोगीच पडे. मेजवान्या, पाहुण्यांची सरबराई, परक्या मुलखात पुन्हा पुन्हा घर मांडणे, हे सारे त्याची पत्नी विनावेतन करी आणि सरकार ते गृहीत धरी. विवाह एकच, पुरुषाच्या खात्यावर तो जमेस, स्त्रीच्या खात्यावर खर्ची.

सही तर तिनेच केली ना, असे कुणी म्हणेल. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही; दिल्या शब्दाला नीतीत मोल असतेच. परंतु तीच परीक्षा उत्तीर्ण झालेला पुरुष असे काहीही न लिहिता रुजू होत असेल, तर त्या सहीला संमती म्हणावे की प्रवेशशुल्क?

बढती नाकारली गेल्यावर मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर कठोर ताशेरे ओढले. घरच्या जबाबदाऱ्या पुरुषालाही अडवू शकतात, हे दाखवून दिले. मात्र तोवर बढती मिळाली होती, नियमही मागे घेतले जात होते. म्हणून याचिका फेटाळली गेली. स्त्री-पुरुष सर्वच क्षेत्रांत समान असे आपण म्हणत नाही, अशी पुस्तीही निकालात आहे. (अशा पुस्त्यांच्या आडोशाला जुने नियम बराच काळ जगतात.)

लष्करी परिचर्या सेवेतील एका अधिकारी स्त्रीला १९८८ मध्ये विवाहाच्या कारणावरून सेवामुक्त करण्यात आले होते. तिला साठ लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, तो २०२४ मध्ये. तिचे नुकसान निदान आकड्यात मांडता आले. ज्यांनी नियम पाळला, त्यांच्यापाशी दाखवायला बडतर्फीचा कागददेखील नसतो.

मुथम्मा अखेरपर्यंत अविवाहित राहिल्या. त्यात हमीपत्राचा वाटा किती आणि त्यांच्या इच्छेचा किती, हे ठरवण्याची सोय त्या याचिकेत नव्हती.