खडखड आणि तिचे कारण

त्रास थांबणे आणि त्रासाचे कारण कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे कोणीही मान्य करील. व्यवहारात मात्र पहिली साधली की दुसरीची आठवण सहसा राहत नाही. या विस्मरणात काही नैतिक उणीव आहे काय, हा प्रश्न आम्हाला पडला तो ग्रंथालयात नव्हे, तर येळ्ळूर गावातील मोटारसायकल दुरुस्तीच्या एका दुकानात.

वाहन आमच्या शेजाऱ्यांचे. वडगावमार्गे बेळगावला जाताना वेग 40 च्या आसपास आला की कोठून तरी खडखड सुरू होई, आणि 50 ला नाहीशी होई. शहरातील एका गॅरेजात गाडी न चालवताच ‘टायमिंग चेन’ असे निदान झाले. चेन बदलली, बिल चुकते झाले, खडखड राहिली.

असा आवाज फसवा असतो, यास कारण आहे. लोखंडातून ध्वनी हवेच्या सुमारे 15 पट वेगाने आणि फारसा क्षीण न होता जातो. त्यामुळे सैल भाग पुढे असला तरी आवाज सीटखालून आल्यासारखा वाटतो. शिवाय प्रत्येक पत्र्याची, नळीची थरथरण्याची स्वतःची एक लय असते. इंजिनाचे फेरे मिनिटाला 3000 झाले म्हणजे सेकंदाला 50 हादरे बसतात. त्यांच्याशी ज्या भागाची लय जुळेल तो बोलू लागतो. फेरे वाढले की तोच मुका होतो. दुकानात मंद चालणाऱ्या इंजिनावर गाडी निर्दोष ठरते, ती यामुळेच.

गावच्या मेस्त्रीने प्रथम गाडी जागेवर उभी करून फेरे वाढवले. खडखड आली, म्हणजे चाके, शॉक अब्सॉर्बर आणि आमचे रस्ते (यांच्यावर आळ घेणे नेहमीच सोपे) निर्दोष सुटले. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून त्याने आतले ऐकले. आत काही नव्हते. मग बाहेरचे सात-आठ बोल्ट आवळले आणि आवाज थांबला. शेजाऱ्यांनी खिशात हात घातला, तेव्हा तो म्हणाला, “आवाज गेला साहेब, पण कशानं गेला ते गावलं नाही. परत आणून बघूया.”

आणि आवळलेले बोल्ट तो एकेक करून सैल करू लागला.

आपल्या न्यायशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक अशी जोडी सांगितली आहे. धूर तेथे अग्नी, हा अन्वय. अग्नी नाही तेथे धूर नाही, हा व्यतिरेक. दोन्ही बाजूंनी पडताळल्याखेरीज संबंध पक्का होत नाही. हे शास्त्र त्या मेस्त्रीने वाचलेले नव्हते. इंजिन पुढून धरून ठेवणारा बोल्ट सैल करताच खडखड परतली. पूर्वी कधीतरी इंजिन उतरवले असताना त्याचा स्प्रिंग वॉशर कोणी बसवलाच नव्हता. नुसता आवळलेला बोल्ट महिन्याभरात पुन्हा ढिला झाला असता. मजुरी त्याने आवळण्याची घेतली, सैल करण्याची घेतली नाही. शेजाऱ्यांना ते रास्त वाटले, आम्हाला नाही. आवळणे कोणालाही जमले असते.

रॉबर्ट पिर्सिग यांचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हे पुस्तक 1974 साली प्रसिद्ध झाले. हे गृहस्थ काही काळ काशी हिंदू विश्वविद्यालयात तत्त्वज्ञान शिकत होते. त्यांच्या पुस्तकातील कारागीर रेडिओ मोठ्याने लावून काम करतात आणि आवाज धड न ऐकताच ‘टॅपेट’ असे निदान करतात. खरे कारण पुढे निघते ते तेल पोचवणाऱ्या यंत्रणेतील 25 सेंटांची तुटलेली पिन. त्या कारागिरांचे अज्ञान पिर्सिग यांना फारसे खटकत नाही, त्यांची बेपर्वाई खटकते. हा भेद आम्हाला महत्त्वाचा वाटतो. न कळणे हा दोष नव्हे. न कळलेले कळले म्हणून समोरच्याच्या हाती देणे, ही फसवणूक आहे, मग आवाज थांबलेला का असेना.

यावर एक आक्षेप रास्त आहे. प्रत्येक त्रास परत आणून पाहता येत नाही. उतरलेला ताप वैद्याने पुन्हा चढवू नये, मिटलेले भाऊबंदकीचे भांडण पंचांनी उकरू नये. तेथे व्यतिरेक पाहणे हाच अपराध ठरेल. पण तेथेही ‘थांबले आहे, कारण ठाऊक नाही’ इतके सांगण्याला कोणाची आडकाठी नसते.

शासकीय सेवेत आमच्या हाताखालून तक्रारींच्या पुष्कळ नोंदवह्या गेल्या. त्यांत अर्ज निकाली निघाल्याच्या तारखेचा रकाना असे, कारणाचा नसे. काही जुने कारकून ‘कारण समजले नाही’ असे पेन्सिलीने समासात लिहून ठेवत. पुढल्या पावसाळ्यात तोच अर्ज पुन्हा आला म्हणजे आम्ही प्रथम तो समास पाहत असू.