लेखनिकाचा प्रामाणिकपणा

आपणांस जी कथा खरी वाटत नाहीं, इतकेंच नव्हे तर जी आपल्या धर्मबुद्धीस खुपते, ती जशीच्या तशी उतरून पुढील पिढीच्या हवालीं करणें हें कर्तव्य कीं प्रमाद? आयर्लंडच्या प्राचीन पुराणकथांचीं साधनें पाहूं लागलें म्हणजे हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

त्या देशांत ख्रिस्ती धर्म इसवी सनाच्या पांचव्या शतकांत रुजूं लागला. तत्पूर्वींच्या देवतांच्या कथा त्यांच्या उपासकांनीं स्वतः लिहून ठेवलेल्या नाहींत. जें हातीं आहे तें ख्रिस्ती लेखनिकांचें. आयरिश भाषेंतील उपलब्ध कथासंग्रहांत सर्वांत जुनें ‘करड्या गाईचें पुस्तक’ ११०० च्या सुमाराचें; ‘लीन्स्टरचें पुस्तक’ बाराव्या शतकांतलें.

या लेखनिकांच्या दोन वृत्ति दिसतात. अकराव्या शतकांतील ‘लेबोर गबाला’ या ग्रंथानें ‘तुआथा दे दानान’ या देवगणास आयर्लंडवर चालून आलेल्या माणसांचें कुळ ठरविलें आणि त्याची वंशावळ बायबलांतील नोहास नेऊन भिडविली. काय बदललें, हें येथें ग्रंथ सांगत नाहीं. उलट ‘लीन्स्टरच्या पुस्तकां’त राणी मेव्हच्या गोहरणाची प्रसिद्ध कथा संपतांच दोन टिपणें येतात. आयरिश टिपणांत, कथा हिच्या याच रूपांत मुखोद्गत राखणाऱ्यास आशीर्वाद आहे. लॅटिन टिपणांत लेखनिक सांगतो कीं, आपला हिच्यावर विश्वास नाहीं, हिच्यांत सैतानी भुलावणी आहे, कविकल्पनाहि आहे.

वरवर पाहतां हा दुटप्पीपणा वाटेल. आम्हांस तो प्रामाणिकपणाचा कळस वाटतो. स्वतःचें मत त्यानें लपविलें नाहीं आणि कथेंत मिसळलेंहि नाहीं. न्याय करण्याचा अधिकार वाचकाकडे राहूं दिला. वंशावळकारानें मात्र निकाल आधींच देऊन तो कथेच्या पोटांत दडविला. तथापि त्याच्याविषयींहि कृतज्ञताच योग्य. मानवी कुळांत जागा मिळाली म्हणून तरी त्या देवांचीं नांवें टिकलीं.

केनेथ जॅक्सन यांनीं १९६४ सालीं या वीरकथांतून लोहयुगाचें दर्शन घडतें असें प्रतिपादिलें; किम मॅकोन यांनीं १९९० सालीं त्यांतील मठीय ख्रिस्ती विद्वत्तेवर भर दिला. हा वाद आज शक्य आहे तो जुना मजकूर उरला म्हणूनच. ज्या वारशावर आपला विश्वास उरला नाहीं तो सांभाळतांना मतभेद समासांत लिहावा, मजकुरांत नव्हे, एवढा धडा त्या लॅटिन टिपणापासून घेण्यास कोणत्याहि धर्माची आडकाठी नसावी.