वाचलेला माणूस

दिवाळीच्या फराळाला येणाऱ्या माणसांपाशी आजारातून उठलेल्याला सांगण्याजोगी काही ठरीव वाक्ये असतात. "देवानं राखलं तुम्हांला," असे एक जण म्हणतो. "तुमच्या हातून काही मोठं कार्य व्हायचं असणार, म्हणून तर मागं ठेवलं," असे दुसरा म्हणतो आणि चकली मोडतो. तिसरा जरा नव्या विचारांचा असला, तर देवाचे नाव घेत नाही. "इच्छाशक्ती, सर! तुम्ही इच्छाशक्तीनं जिंकलात!" म्हणून तो पाठ थोपटतो. मी तिघांनाही चहा देतो. माणसे मनाने चांगली आहेत. त्यांतल्या एकाने तर माझ्या आजारपणात न मागता पैसे दिले होते. पण ती उठून गेली, की मला हटकून एका एस. टी. कंडक्टरची आठवण होते, आणि पुढचा लाडू गोड लागत नाही.

मी तालुक्याच्या गावी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, म्हणजे हल्लीची दहावी, आणि त्यावर चित्रकलेची पदविका. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तीन वर्षांपूर्वी मानेत एक गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून दोन महिने तिच्याकडे लक्ष दिले नाही. मग तपासण्या झाल्या आणि लसीकाग्रंथींचा कर्करोग हे नाव कानी पडले. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात उपचार ठरले. हे रुग्णालय १९४१ सालापासून उभे आहे, आणि त्याच्या दारातली गर्दी पाहिली, की वाटते, सारा देशच आजारी आहे. मुक्काम दादरला, गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत. तिथे हा कंडक्टर माझा शेजारी झाला. गाव आमच्याच तालुक्यातले, गाठ माझ्याच जातीची, औषधेही तीच. दर एकवीस दिवसांनी एक पाळी, अशा सहा पाळ्या.

त्या औषधांची हकीकत सांगण्याजोगी आहे. त्यांतले एक सदाफुलीपासून काढतात. होय, आपल्या अंगणात न लावता उगवणारी तीच सदाफुली! मूळची ती मादागास्कर बेटावरची. पाचवीच्या मुलांना मी पहिले फूल तेच काढायला देतो. पाच पाकळ्या आणि मध्ये एक ठिपका, चुकायला जागाच नाही. १९५० नंतरच्या दशकात कॅनडातले संशोधक तिच्या पानांत मधुमेहावरचा उपाय शोधत होते. जमैकात लोक त्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. साखर काही उतरली नाही; पण प्रयोगातल्या उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. त्या वाटेने पुढे कर्करोगावरची औषधे हाती आली, आणि मला दिलेल्या व्हिन्क्रिस्टिनला १९६३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. माझे दुसरे औषध ज्या कुळातले, त्याचा मूळपुरुष म्हणजे पहिल्या महायुद्धातला मस्टर्ड वायू. एकाने शोधले एक, मिळाले दुसरे. एकाने मारायला केले, त्याने कोणी तरला. यात माझ्यासाठी आखलेली योजना कुठे दिसते का, हे मी पुष्कळ न्याहाळले. मला तरी दिसली नाही.

सदाफुलीने आपली किंमतही घेतली. ते औषध नसांना बाधते. बोटे बधिर झाली, सदऱ्याची बटणे बायको लावू लागली. शाळेत परतलो त्या दिवशी फळ्यावर वर्तुळ काढायला गेलो, तर खडू हातून निसटला. मुले हसली. मीही हसलो, पण घरी येऊन रडलो.

आता त्या कंडक्टरविषयी. धर्मशाळेत एका संध्याकाळी त्याने मला विचारले, "मास्तर, तुमची ती सावकाराची कादंबरी मी वाचलीय. शेवटी त्याला जिभेचा कॅन्सर होतो. त्यानं गरिबांना लुबाडलं, खोटं बोलला, म्हणून ना?"

मी मान डोलावली. तो शेवट वाचकांना फार आवडला होता. "न्याय झाला" अशी पत्रे आली होती.

"मग मी काय केलं?" तो म्हणाला. "तंबाखू खाल्ली नाही. तिकिटाचा पैसा कधी मारला नाही."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. हिशेब लागत नसला, की कंडक्टर पुन्हा पुन्हा पैसे मोजतो ना, तसा तो विचारत होता. मला उत्तर सुचले नाही. रामकृष्ण परमहंस १८८६ साली घशाच्या कर्करोगाने गेले, रमण महर्षींना १९५० साली हाताच्या कर्करोगाने नेले. त्या दोघांनी कोणाचे काय लुबाडले होते? हे सारे मला त्या सावकाराला मारण्यापूर्वी ठाऊक होते. तरी लेखणीने सोपी वाट धरली. आम्हां लेखकांना खलपुरुषाच्या शिक्षेसाठी एखादा रोग हाताशी लागतो, आणि तो रोग असलेला कोणी आपले पुस्तक वाचत असेल, हे ध्यानातच येत नाही.

इच्छाशक्तीचे म्हणाल, तर ती त्याच्यापाशी माझ्या दसपट होती. पहाटे चारला उठून तो इतरांसाठी गरम पाणी भरून ठेवी. मी चौथ्या पाळीनंतर बायकोला म्हणालो होतो, "मला घरी ने, पुरे झालं." तिने ऐकले नाही, म्हणून मी इथे आहे. त्याची गाठ पाचव्या पाळीनंतर पुन्हा वाढली. दुसरी औषधे झाली. पुढच्या पावसाळ्यात तो गेला.

मी भेटायला गेलो ते तीन महिन्यांनी. आधी धैर्य झाले नाही. माझे नवे उगवलेले केस त्या घरात कुठे लपवावे, असे झाले होते. त्याच्या बायकोने चहा ठेवला आणि पाठमोरी राहूनच विचारले, "मास्तर, औषध एकच होतं. मग तुमच्यात असं काय होतं, जे ह्यांच्यात नव्हतं?"

"काही नव्हतं, वहिनी," मी म्हणालो. "काहीसुद्धा नव्हतं."

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. सगळे म्हणतात, ह्यांनी धीर सोडला."

"धीर मी सोडला होता," मी म्हणालो आणि ती गरम पाण्याची गोष्ट सांगितली. तिला ती ठाऊक नव्हती. तिने मुलाला हाक मारून बसवले आणि मला ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली.

घरी परतताना एस. टी.च्या खिडकीशी बसून मी पहिल्यांदा थोडा स्वस्थ झालो. कोणी मला कार्यासाठी मागे ठेवले असेल, तर त्याला कोणी बिनकामाचा म्हणून उचलले असे होते. ते मी मानणार नाही. मी उरलो आहे, आणि कामे पडून आहेत, एवढे मात्र खरे आहे. तो मुलगा आता आठवीत आहे. रविवारी एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीला माझ्याकडे येतो. वस्तुचित्र बरे काढतो, स्मरणचित्रात घाई करतो. माझी बोटे पुष्कळशी सुधारली आहेत. वर्तुळ अजून एका बाजूला कलते, आणि तो ते मुकाट्याने पुसून नीट काढून देतो.

पुढची तपासणी मार्गशीर्षात आहे. तपासणीच्या आधीच्या रात्री झोप येत नाही, हे कबूल केले पाहिजे. दरम्यान त्या कादंबरीची नवी आवृत्ती निघते आहे. मी शेवट बदलून पाठवला आहे : सावकार ऐंशीव्या वर्षी, तूपपोळी खाऊन, झोपेत मरतो. प्रकाशक म्हणतात, वाचक नाराज होतील.