जामीन कोणी राहावे?

'जामीन' हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि घरोघरी थोडी धास्ती पेरून गेला. दुसऱ्याच्या कर्जखतावर सही करणे म्हणजे त्याच्या सचोटीवर आपली अब्रू टांगणे. 1872 च्या भारतीय करार कायद्यानेही हेच सांगितले : करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच. परमुलखात स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांना जामिनाचे मोल सांगावयास नको. नव्या गावी ना जमीन, ना सोयरे. 'हा माणूस माझ्या माहितीतला आहे' असे म्हणणारा कोणी भेटल्याखेरीज धंद्याला भांडवल कोठून मिळणार?

ज्याला असा कोणी भेटलाच नाही, त्याचे काय? या प्रश्नाचे एक उत्तर भारत सरकार व सिडबी यांनी 2000 साली दिले. त्यांनी लघुउद्योगांसाठी पत हमी निधी न्यास स्थापला. तारण वा तिऱ्हाइताचा जामीन न घेता बँकेने कर्ज द्यावे आणि ते बुडाल्यास तोट्याचा ठरीव हिस्सा न्यासाने सोसावा, अशी ही व्यवस्था. 2023 मध्ये 2 कोटींची मर्यादा 5 कोटींवर आणि 2025 मध्ये 10 कोटींवर गेली.

येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, अशी परंपरा आहे. तीच परंपरा असेही सांगते की, निम्मी खते त्यांनी आधी धाकट्या भावाच्या हाती दिली. बुडविली ती केवळ स्वतःच्या वाट्याची. आपले सोडणे हे औदार्य, दुसऱ्याचे सोडणे ही उधळपट्टी. मग सर्वांच्या पैशावर सरकारने जामीन राहावे काय?

उत्तर देण्यापूर्वी हमी आणि माफी यांतील अंतर ओळखले पाहिजे. हमी बँकेला असते, कर्जदाराला नव्हे. न्यासाने पैसे भरले तरी कर्जदाराचे ऋण फिटत नाही. वसुली बँकेने चालूच ठेवावयाची असते. शिवाय तोट्याचा काही भाग बँकेच्या माथी राहतो, म्हणून तिचे डोळे उघडे राहतात. 2020 च्या महामारीत संकटकालीन कर्जांना पूर्ण, म्हणजे 100 टक्के, हमी दिली गेली. पण तो आपद्धर्म होता. आपद्धर्माचा नित्यधर्म झाला, तर विवेकाचे काम कोणाकडेच उरणार नाही.

तरीही एक उणीव राहतेच. शेजारी जामीन असे, तेव्हा कर्जदाराला त्याचा चेहरा रोज दिसे. सरकारला चेहरा नाही. म्हणून ते बुडविताना लाज वाटत नाही. परंतु जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना हेही आठवावे की, त्या चेहऱ्यापायी अनेकजण आयुष्यभर मिंधे राहिले आणि ज्यांना ओळखपाळख नव्हती ते दाराबाहेरच राहिले. उपकाराऐवजी नियमाने पत मिळणे, ही मोठी मुक्ती आहे.

मात्र मुक्तीसोबत जबाबदारीचे स्थलांतर होते. जी लाज पूर्वी शेजाऱ्याच्या डोळ्यांत होती, ती आता आपल्या अंतःकरणात असावी लागते. आपण बुडविलेला हप्ता सरकारचा नसतो. आपल्यामागे रांगेत उभ्या असलेल्या, तारण नसलेल्या अनोळखी माणसाचा असतो. सरकारने जामीन अवश्य राहावे. पण त्या अनोळखी माणसासाठी जामीन राहावयाचे ते कर्जदारानेच.