पवित्र माणसाची घमेंड

जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती आहे. नाव हिब्रू, अर्थ देवाचं घर. वसवणारा जन्मानं ब्राह्मण : नारायण शेषाद्री. १८४३ साली मुंबईत त्यानं बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे गेला, तर बाप कोर्टात गेला. पोरगं परत मिळालं. मग त्याला जातीत घ्यायचं की नाही, यावरून ब्राह्मणांतच रण माजलं. (स्वतःच्या लेकराला घरात घ्यायलाही शास्त्र आडवं येतं, असा तो धर्म!) नारायण पुढं निजामी मुलखात जालन्याला आला. दिवाण सालारजंगानं दिलेल्या जमिनीवर बेथेल उभं राहिलं. आले ते मांग, महार.

आपली काही पोरं हे ऐकून हसतात. म्हणतात, पोटासाठी बाटलेले. दोस्तहो, भुकेनं माणूस बाटला म्हणणाऱ्यानं आधी ती भूक कुणी लावली ते सांगावं.

पण मला त्या शेषाद्रीचंच कोडं पडतं. ब्राह्मण मांगांमध्ये येतो, हे प्रेमच. तरी जो खाली उतरतो त्याला आपण किती पायऱ्या उतरलो हे ठाऊक असतं. तो मोजत होता की नाही, मला सांगता येणार नाही. त्या मापातून सुटणं फार अवघड, एवढं मात्र कळतं.

येशूनं यावर एक गोष्ट सांगितलीय. देवळात दोघे प्रार्थनेला जातात. परुशी देवाचे आभार मानतो, की मी इतरांसारखा नाही, त्या जकातदारासारखा तर नाहीच. मी उपास करतो, दशांश देतो. जकातदार लांब उभा राहून छाती बडवतो, दया माग, एवढंच. येशूच्या मते नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. यात परुशी एक अक्षर खोटं बोलत नाही, हे लक्षात घ्या. तो खरंच उपास करत होता. ढोंगी असता तर सोपं होतं, ढोंग उघडं पाडता येतं.

हा परुशी निळ्या झेंड्याखालीही उभा असतो. मीच होतो. एका म्हातारीच्या घरातली मरीआई आम्ही चौघांनी बाहेर काढायला लावली. बावीस प्रतिज्ञा मला तोंडपाठ. म्हातारी काही बोलली नाही. देव काढून दिला, आणि मग म्हणाली, "पोरा, देव न्याया आलास, पर घरात दाना हाय का, हे नाय इचारलंस." आम्ही तसेच उठून आलो. वाटेत एकजण म्हणाला, अडाणी बाई. मी हसलो. ते हसणं अजून गळ्यात अडकलंय.

मरीआई काढायला नको होती, असं मी म्हणत नाही. प्रतिज्ञा खऱ्याच आहेत. परुशाचे उपासही खरेच होते की!

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली निघालेल्या ग्रंथात प्रेम पुरेसं नाही, मैत्री हवी, असं मांडलंय. मैत्रीत वरून खाली उतरायला जागा नाही. मित्र शेजारी बसतो. म्हातारीच्या उंबऱ्यावर बसायला आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही, चौघेही उभेच होतो.

आता कागदाचं बघा. बेथेलच्या वाटेनं गेलेला मांग पोरगा दाखल्यावर 'हिंदू मांग' लिहितो, कारण १९५० च्या हुकुमानं ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीत धरला नाही. आपण त्याला दुतोंडी म्हणतो. आणि बौद्धांना केंद्रानं त्या यादीत घेतलं कधी? १९९० साली. १९५६ ते १९९०, चौतीस वर्षं. तेवढ्या काळात दिल्लीच्या नोकरीसाठी अर्ज भरताना आपल्या बापांनी धर्माच्या रकान्यात काय लिहिलं, ते घरी जाऊन विचारा. माझ्या बापाला मी विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "चहा टाक."